भिंतीवरचा कागद

छापील कागदाचे, किंवा कागदी पाठ असलेल्या व्हिनाइलचे, उभे पट्टे खळीने शेजारी शेजारी चिकटवून सबंध भिंत एकाच नक्षीखाली झाकण्याच्या कामाला वॉलपेपर लावणे म्हणतात. पवन मावळात, वितंडगड ऊर्फ तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या तिकोणा पेठेसारख्या गावात, ही गोष्ट घरात येते ती बहुधा घरातली तरुण पिढी पुण्याची सदनिका किंवा पवना धरणाकाठचा एखादा बंगला पाहून आल्यावर. तोवर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या आयुष्यात भिंतीने तीन-चार रूपे पालटलेली असतात, आणि वॉलपेपर पहिल्यांदा लावताना ज्या अडचणी येतात त्यांची मुळे त्या जुन्या रूपांतच असतात.

साठीतल्या माणसाच्या बालपणीची भिंत अनेकदा कुडाची असे. कूड म्हणजे कारवीच्या सरळ काठ्या उभ्या बांधून त्यांवर शेणमातीचा लेप दिलेली भिंत. कारवी हे सह्याद्रीच्या उतारावर माजणारे आणि साधारण सात वर्षांनी एकदाच फुलणारे झुडूप, त्यामुळे हा माल डोंगरातून फुकट मिळे आणि खर्च लागे तो फक्त अंगमेहनतीचा. पश्चिमेकडून येणारी पावसाची झड या भिंतीचा लेप दरसाल धुऊन नेई आणि दसऱ्याच्या आधी घरातल्या बायका तो पुन्हा चढवीत. खाली गेरूचा पट्टा, वर पांढरी माती, की भिंत वर्षापुरती नवी होई. पुढे दगडमातीच्या भिंती आल्या, त्यांना चुना आणि चुन्यात चिमूटभर नीळ आली, मग विटा, सिमेंटचा गिलावा, डिस्टेंपर. साहित्य बदलले तरी रीत बदलली नाही, कारण पावसाने बिघडवायचे आणि माणसाने दिवाळीच्या तोंडावर सावरायचे हा करार चालूच राहिला. (डिस्टेंपरची जाहिरात काहीही सांगो, लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला ४ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथला रंग त्याच हिशेबाने टिकतो.)

कागद मात्र या भिंतींना परका नव्हता. श्रावण लागला की जिवतीचा कागद देवघराजवळ भिंतीला लावण्याची प्रथा महाराष्ट्रभर आहे. त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, लेकरांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती अशी चित्रे छापलेली असतात आणि श्रावणातल्या शुक्रवारी मुलाबाळांच्या सुखासाठी तिची पूजा होते. गंमत अशी की ऐन पावसाळ्यात, ओल्या भिंतीवर, घरच्या कणकेच्या खळीने हा कागद चिकटवला जातो आणि त्याचे काही बिघडत नाही. बिघडले तरी पुढच्या वर्षी नवा आणायचाच असतो. फडताळाच्या फळ्यांवरही जुन्या वर्तमानपत्राचे कागद अंथरलेले असत, ज्यांच्या पुढे लोंबणाऱ्या काठाला कात्रीने कंगोरे कापलेले असत.

याहून मोठा योग लोहगड-विसापूरच्या डोंगररांगेपलीकडचा आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला शिळाछापखाना, म्हणजे गुळगुळीत दगडावर चित्र उतरवून प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरणारा छापखाना, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला. मुंबईतली प्लेगची साथ हे त्याचे एक कारण सांगितले जाते. पुढे तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि १९७२ मध्ये आगीत त्याची मोठी हानी झाली. लक्ष्मी, सरस्वती, विश्वामित्र-मेनका यांच्या ज्या रंगीत छापांनी देशभरच्या घरांच्या भिंती भरल्या, त्यांतले असंख्य छाप याच मावळातून निघाले. भिंतीवरच्या छापील कागदाचा इतिहास लिहायचा तर मावळाचे नाव वापरणाऱ्यांत नव्हे, पुरवणाऱ्यांत आधी घ्यावे लागेल.

युरोपात कागदाने सबंध भिंतच व्यापली. इंग्लंडमध्ये तो इतका खपू लागला की १७१२ मध्ये सरकारने भिंतीच्या छापील कागदावर कर बसवला, तो १८३६ पर्यंत चालला, आणि कर चुकवण्यासाठी लोक कोरा कागद लावून त्यावर घरीच साच्याने नक्षी उमटवू लागले. एकोणिसाव्या शतकात त्या नक्षीत एक झगझगीत हिरवा रंग फार चालला, जो आर्सेनिक म्हणजे सोमलापासून बनत असे. दमट खोल्यांत राहणारे लोक आजारी पडत असल्याच्या तक्रारी होत्या. १८९०च्या दशकात बार्तोलोमेओ गोसिओ या इटालियन वैद्याने दाखवले की ओलसर कागदाच्या खळीवर वाढणारी बुरशी सोमलाच्या रंगातून लसणासारख्या वासाचा विषारी वायू मोकळा करू शकते. आता तो रंग उरलेला नाही, पण ओल, खळ आणि बुरशी हे त्रिकूट मावळात नांदते आहे.

म्हणून पहिल्यांदा कागद लावणाऱ्याने नक्षी निवडण्याआधी भिंत निवडावी. झडीकडची पश्चिमेची भिंत सोडून द्यावी आणि आतली, दोन खोल्यांमधली भिंत घ्यावी. शंका असल्यास फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करून दिवसभर ठेवावा. त्याच्या भिंतीकडच्या अंगाला दव धरले तर ओल भिंतीच्या पोटात आहे आणि वर व्हिनाइल लावणे म्हणजे ती आत कोंडणे. चुन्याची जुनी भिंत ओल शोषते आणि उन्हाळ्यात सोडते, तिला हे आवरण मानवत नाही. गिलाव्यातून पांढरा लोणा फुटत असेल, पोपडे हाताला सुटत असतील, तर आधी ते खरवडून, लांबी भरून, प्रायमर मारून काही दिवस वाळू द्यावे लागते. हे काम दिवाळीनंतर काढावे. ज्येष्ठात काढणे हा हट्ट आहे.

मोजमापातही फसगत असते. बाजारातला सामान्य गुंडाळा ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब, म्हणजे सुमारे ५७ चौरस फूट भरतो. १२ फूट लांब आणि ९ फूट उंच भिंतीचे क्षेत्रफळ १०८ चौरस फूट, तेव्हा कागदावर दोन गुंडाळे पुरतात. पण एका गुंडाळ्यातून ९ फुटी पट्टे तीनच निघतात, भिंतीला सात लागतात, आणि तिसरा गुंडाळा आणावाच लागतो. नक्षी मोठी असेल तर शेजारच्या पट्ट्याशी ती जुळवण्यात आणखी तुकडे वाया जातात.

पहिला पट्टा कोपऱ्याच्या रेषेने लावायचा मोह होतो, आणि तिथेच हाताने बांधलेल्या घराची खरी ओळख पटते, कारण जुन्या घरातला कोपरा क्वचितच सरळ असतो. गवंड्याचा ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेले वजन, सोडून पेन्सिलीने उभी रेघ मारावी आणि तीच धरून चालावे. वर्षानुवर्षे चुन्याने झाकलेला झुकाव कागदाच्या उभ्या नक्षीत बोटभर तिरका होऊन दिसतो. भिंतीत बिघाड नवा झालेला नसतो, फक्त तो आता मोजता येतो. साधा कागद खळ लावल्यावर पाणी पिऊन रुंदावतो, म्हणून तो दुमडून काही मिनिटे मुरू द्यायचा आणि मग वरून खाली, मधून कडेकडे हात फिरवत हवा काढायची. न विणलेल्या तंतूंच्या नव्या कागदाला ही वाट पाहावी लागत नाही, तिथे खळ थेट भिंतीलाच लावतात. बटणांच्या खोक्याजवळ मुख्य वीज बंद करून मगच कटर चालवायचा. घरची कणकेची खळ वापरायची असेल तर तिच्यात मोरचूद घालण्याची जुनी पद्धत कसर आणि बुरशी या दोन्हींसाठी आहे. मुले असतील त्या घरात मात्र हे विष टाळून तयार पावडरीची खळ घेतलेली बरी.

देवघराची भिंत या सगळ्यातून वगळण्याला एक साधे कारण आहे. व्हिनाइलच्या गुळगुळीत अंगावर कणकेची खळ धरत नाही, आणि धरली तरी जिवती काढताना नक्षीचा थर तिच्याबरोबर सुटून येण्याची भीती असते. ज्या घरी सबंध खोली मढवायचीच असेल, तिथे जिवती पुठ्ठ्यावर चिकटवून खिळ्याला अडकवण्याचा मार्ग उरतो. त्यासाठीचा खिळा सांध्यावर ठोकू नये, पट्ट्याच्या मध्यावर ठोकावा, कारण सांध्यावर ठोकलेल्या खिळ्यापासून कागद उकलायला सुरुवात होते.