चोर्ल्याच्या वाटेवरची निळी ठिणगी

बेळगावहून जांबोटीमार्गे गोव्याला जाणारा रस्ता आपणा सर्वांच्या पायाखालचा. जांबोटी सुटली की झाडी दाटत जाते. कणकुंबीला मलप्रभेचा उगम. ही नदी पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि पलीकडच्या उतारावरचे पाणी म्हादईतून पश्चिमेच्या समुद्राला. विद्यार्थ्यांच्या सहलीत हे सांगताना मला नेहमी हुरूप येतो.

गेल्या श्रावणात मात्र त्याच वाटेवर माझी बोलती बंद झाली. साखळीला बहिणीचे दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होते. शेजारी आई. जांबोटीच्या पुढे चढण लागली, ॲक्सिलेटर दाबला, की आमची जुनी गाडी हिसके द्यायची. सपाटीवर बरी, उभी असताना तर अगदी शहाणी. पाऊस कोसळत होता, मागे ट्रक हॉर्न देत होते.

"परत फिरायचं का रे?" आईने विचारले. साखळीला जायचेच, हा हट्ट तिचाच होता.

जांबोटीपर्यंत मागे आलो. तिथल्या मेस्त्रीला मी ऐटीत सांगितले, "पेट्रोलमध्ये कचरा असणार." (महिन्यापूर्वी याच संशयाने फिल्टर बदलून पैसे घालवले होते.) त्याने वाद घातला नाही. "पेट्रोल कमी पडलं तर गाडी दमत जाते सर. ही दचकते," म्हणाला. शेडमधला दिवा बंद केला, बॉनेट उघडले आणि इंजिन चालू ठेवून मला बोलावले, "इल्ली नोड्री."

अंधारात प्लगच्या एका वायरीतून निळी ठिणगी इंजिनवर उडत होती. वायरीचे रबर तडकले होते, वर पावसाची ओल. चढणीवर जोर पडला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. मग वीज प्लगपर्यंत न जाता तडीतूनच पळ काढते. पेट्रोल न जळता जाते आणि गाडी हिसका देते. वायरीला हात लावायला गेलो तर त्याने माझे मनगटच धरले. झटका जबर बसतो म्हणे.

त्याच्याकडे जुन्या गाडीवरून काढलेल्या धड वायरी होत्या. पाऊण तासात बसवल्या, मजुरी सांगितली तीही संकोचत.

कणकुंबीच्या चढणीवर तिसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलेटर दाबला. गाडी सरळ चढली. आई मात्र साखळी येईपर्यंत खिडकीवरची मूठ घट्ट धरून बसली होती.