साठ, साठ, नव्वद

एम.एस्सी.च्या एका प्रात्यक्षिकात सरांनी मिठाच्या जालकातले बिंदू दिले आणि त्यातली सर्वांत आखूड तीन अंतरं घेऊन युनिट सेल बांधायला सांगितली. तिन्ही सदिश एका प्रतलात नकोत, एवढीच अट. माझ्या तिन्ही बाजू 3.99 अँगस्ट्रॉमच्या आल्या, तिन्ही कोन 60 अंशांचे. शेजारच्या मैत्रिणीच्या बाजूही तेवढ्याच. कोन मात्र 60, 60 आणि 90. घनफळ काढलं, तर दोघींचं 45 घन अँगस्ट्रॉमच्या आसपास. दोन्ही उत्तरं बरोबर होती, आणि तेच मला पटेना. मीठ एक, मग त्याच्या ओळखी दोन कशा?

सर म्हणाले, "नुसत्या आखूड बाजूंनी भागत नाही. निग्ली बघा."

स्विस खनिजशास्त्रज्ञ पॉल निग्ली यांनी 1928 मध्ये घातलेल्या अटी मी संध्याकाळभर कागदावर लावत बसले. पहिली अट : कोन तिन्ही लघु हवेत, नाहीतर एकही लघु नको. मैत्रिणीची सेल इथे अडली नाही. एका सदिशाची दिशा उलटली की तिचे कोन 120, 120, 90 होतात. ती अडली पुढे, बरोबरीच्या अटींवर. बाजूंची नावं नियमाप्रमाणे लावली की 90 चा कोन पहिल्या जागी जातो. पण बाजू समान असून तिसरा कोन 120 असेल, तर दुसरा 90 च हवा. तिचा होता 120. माझी सेल टिकली. मग माझ्या सेलमधल्या दोन सदिशांच्या बेरजेतून तिसरा वजा केला, तर लांबी आली 5.64 : मिठाच्या घनाची बाजू! तीन जोड्या, तशाच तीन बाजू, तीन काटकोन. तिरप्या सेलमध्ये अख्खा घन दडलेला होता. मला अतोनात आनंद झाला.

असा पेच मिठापुरता नाही. एकाच जालकाच्या अशा सर्वांत आखूड बाजूंच्या सेल पाचपर्यंत असू शकतात, हे ग्रुबर यांनी 1973 मध्ये दाखवलं. 1976 मध्ये क्रिव्ही आणि ग्रुबर यांनी निग्लीची सेल पायरीपायरीने गाठायची रीत दिली.

आता डिफ्रॅक्टोमीटरवर नवा स्फटिक चढवला, की सेल रिड्यूस करून, म्हणजे निग्लीच्या रूपात आणून, आधी केंब्रिजच्या स्फटिकरचनांच्या संग्रहात शोधते. रचना आधीच माहीत असेल, तर पुढचं सगळं मोजमाप वाचतं. पण यंत्राचा कोन नेमका 90 येत नाही, 89.97 येतो. बरोबरी कुठवर मानायची हे आपणच ठरवायचं. सैल सोडलं, तर नसलेली सममिती दिसू लागते. म्हणून सेलवरून जालकाची सममिती सांगणारा निग्लीचा 44 प्रकारांचा तक्ता मी प्रोग्रामवर सोडत नाही, स्वतः ताडून बघते.