पवनाकाठची एक अशांत रात्र

शांतता हवी म्हणून हल्ली माणसे पवनानगरला येतात, आणि येताना ध्वनिक्षेपक घेऊन येतात. शनिवारी संध्याकाळी जलाशयाच्या काठाने तंबूंची रांग लागते, आणि त्या रांगेतून जे संगीत उठते ते ऐकून पलीकडच्या तिकोन्यावरचा चपेटदान मारुतीसुद्धा उगारलेला हात कानावर ठेवीत असेल. आम्हीही शांततेसाठीच निघालो होतो. फरक एवढाच, की आमच्या मंडळींना ती दोराला लोंबकळत हवी होती.

आमची मंडळी म्हणजे चार प्रस्तरारोहक आणि पाचवा मी. मास्तर पुण्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवतात. डॉक्टर दातांचे आहेत. बँकवाले बँकेतले. चौथा कॉलेजातला पोरगा. त्याला सगळे धाकटा म्हणत. मी कोणत्याच कड्याचा नव्हे. माझ्याकडे पिशव्या राखणे, पिठले ढवळणे आणि वर गेलेल्यांकडे मान मोडेपर्यंत पाहत राहणे ही तीन खाती होती.

सकाळी मंडळींनी कुरवंड्याची नागफणी केली होती. इंग्रजाला त्या सुळक्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक दिसले, आपल्याला नागाचा फणा दिसला. ज्याची त्याची दृष्टी! तिथून लोणावळा आणि दुधिवरे खिंड करीत आम्ही पवनानगरला उतरलो, तेव्हा दिवस कलला होता. जुनी माणसे या बाजारपेठेला अजून काळे कॉलनी म्हणतात. गावाबाहेर एका बाबांच्या अंगणात आमची पथारी पडली. समोर पाणी, डाव्या-उजव्या हातांना तुंग आणि तिकोना, आणि पाठीशी लोहगड-विसापूरची जोडी. चार किल्ल्यांच्या मध्ये बसून इंद्रायणीचा भात खायचा, यापरते सुख नाही.

नेमक्या त्याच वेळी पलीकडच्या तंबूत नाचगाणे सुरू झाले.

"घ्या तुमची शांतता!" डॉक्टर म्हणाले.

"शांतताच हवी असेल तर इतक्या लांब कशाला यायचं?" बँकवाले म्हणाले. "नव्या पेठेत वैकुंठ आहे. सगळे निवांत पडलेले असतात."

"तिथे जायला घाई नको," मास्तर म्हणाले. "आणि जायचंच तर गाठ तपासून जा."

यावर हशा पिकला, कारण मास्तरांची गाठ-तपासणी हा या मंडळींचा जुना विनोद. कोणी कड्याला हात लावण्यापूर्वी मास्तर त्याच्या कमरेची गाठ बोटाने चाचपून पाहतात, मग ती बांधणारा वीस वर्षांचा मुरलेला गडी का असेना. सकाळी त्यांनी डॉक्टरांची गाठ तीनदा पाहिली. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "मास्तर, आता वहीवर सही करा आणि शेरा द्या."

शांततेचा विषय निघालाच होता, म्हणून मी इतिहासाचा हवाला दिला. म्हटले, या मुलखाला शांततेचा अनुभव काही नवा नाही. १६६५ साली पुरंदरचा तह झाला. तह म्हणजे शांतताच. त्या शांततेपायी शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, आणि आपण ज्यांच्याकडे पाहत जेवतो आहोत ते चारही, लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना, त्या यादीत होते. पाच वर्षांनी, १६७० मध्ये, लोहगड परत आला, तो पुन्हा भांडूनच.

"म्हणजे शांतता महाग असते," बँकवाले म्हणाले. "व्याजाचा दर पाहून घ्यावी."

मग गोष्टी सुरू झाल्या. चार प्रस्तरारोहक शेकोटीपाशी बसले की तिसऱ्या चहाला मरणाच्या दारातून परत आल्याच्या गोष्टी निघतात, आणि त्या नेहमी विनोदी असतात. पहिला मान डॉक्टरांचा.

डॉक्टर एका सुळक्याच्या निम्म्यावर होते. डोक्यावर पंधरा फुटांवर कपारीत आग्या मोहोळ. सह्याद्रीत पडण्यापेक्षा या माश्यांचे भय मोठे. धूर, अत्तर, आरडाओरडा, यांपैकी काहीही त्यांना पुरते. खाली कोणीतरी विडी शिलगावली. "वरून काळा पडदा सुटावा तशा त्या सुटल्या," डॉक्टर सांगत होते. "मी तोंडावर जाकीट ओढलं, कड्याला चिकटलो आणि दगड झालो. दीड तास! नाकाला खाज सुटली तरी हललो नाही. दाढ काढताना रोग्याला 'जरा स्थिर बसा' म्हणणं किती निर्दयपणाचं आहे, ते मला त्या दिवशी कळलं."

"तेव्हा शांतता होती का?" मी विचारले.

"संपूर्ण! मी आणि पाच हजार माश्या, सगळे ध्यानस्थ."

बँकवाल्यांची गोष्ट दगडाची होती. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. काळा कातळ पोलादासारखा. पण दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल, भुसभुशीत पट्टा येतो. तिथे हाताला लागलेली खोबण ही खोबण आहे की नुसता टेकून ठेवलेला धोंडा, हे ओढल्याशिवाय कळत नाही, आणि ओढल्यावर कळून उपयोग नसतो. बँकवाल्यांनी असाच एक धोंडा ओढला आणि तो कडेवर घेऊनच ते खाली आले. वरची मेख उपटली, खालची राहिली. वीस फुटांवर दोराने त्यांना झेलले. "खाली दोर धरायला हे डॉक्टर होते," ते म्हणाले. "त्यांच्या डाव्या हातात शेंगदाण्याची चिक्की होती."

"उजव्या हातात दोर होता की नाही?" डॉक्टर उसळून म्हणाले.

"होता. म्हणून तर मी हे बोलतोय."

धाकट्याची अजून स्वतःची गोष्ट झालेली नव्हती, म्हणून त्याने वाचलेली सांगितली. लिन हिल ही अमेरिकेची नामांकित आरोहक. १९८९ साली फ्रान्समधल्या एका कड्याखाली ती गाठ बांधत असताना तिचे लक्ष दुसरीकडे गेले, आणि गाठ अर्धीच राहिली. वर पोहोचून ती विश्वासाने दोरावर रेलली, आणि सरळ खाली आली. मध्ये झाड होते, त्याच्या फांद्यांनी वाचवले. "जगातली पहिल्या नंबरची बाई!" धाकटा म्हणाला. "म्हणजे नशीबच की."

"झाड होतं म्हणून," मास्तर म्हणाले. इतका वेळ ते गप्प होते.

"मास्तर, आता तुमची," धाकटा म्हणाला.

डॉक्टरांनी एकदम शेकोटीत काटकी सारली आणि म्हणाले, "झोपा आता. उद्या लवकर उठायचंय." मला ती घाई चमत्कारिक वाटली. पण मास्तरांनी हात वर केला.

"सांगतो. याला कळायला हवी," ते म्हणाले. "आम्ही दोघे होतो. कडा झाला होता, उतरत होतो. चढताना माणूस भितो, म्हणून सावध असतो. उतरताना त्याच्या डोक्यात घर असतं, चहा असतो. संध्याकाळ झाली होती. दोर मी सोडला. टोकाला गाठ मारतात ती कशासाठी माहीत आहे? दोर जमिनीपर्यंत पोचला नाही तर उतरणारा त्या गाठीला अडावा, टोकावरून निसटू नये, यासाठी. ती मारायची राहिली. मला वाटलं त्यानं मारली, त्याला वाटलं मी मारली असेल. तो आधी उतरला."

एवढे सांगून ते थांबले. पलीकडचे गाणेही नेमके तेव्हाच दोन गाण्यांच्या मध्ये थांबले होते.

"तुमच्या सगळ्यांच्या गोष्टी जो वाचला त्यानं सांगितलेल्या आहेत," थोड्या वेळाने मास्तर म्हणाले. "ही ज्याची होती तो सांगायला नाही. म्हणून मी सांगत नाही."

धाकटा मान खाली घालून बसला. सकाळी गाठ-तपासणीवर सर्वांत मोठ्याने तोच हसला होता.

बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. मी उगाच काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, "पाणी मात्र किती शांत आहे, बाबा."

"कसलं शांत, दादा?" बाबा म्हणाले. "आमची भाताची खाचरं हायती त्या खाली. उन्हाळ्यात पानी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतंय, तवा आमी दर्शनाला जातो. पावसाळ्यात देव पुन्यांदा बुडतो. तुमी वरनं बघता म्हून शांत."

मला काही उत्तर सुचले नाही. धरणाला पन्नासेक वर्षे झाली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचे गाऱ्हाणे त्याच्याइतकेच जुने. पुढे पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याची योजना निघाली. तिच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातले शेतकरी बऊरपाशी द्रुतगती मार्गावर उतरले, आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे जण गेले. शहरात आम्ही नळ सोडतो तेव्हा पाणी किती मुकाट्याने येते! त्या मुकाट्यालाही आपण शांतताच म्हणतो.

त्या रात्री झोप उशिरा लागली.

सकाळी धुके पाण्यावरून उठत होते. तंबूवाले गाढ झोपलेले, त्यामुळे खरोखरच कुठे आवाज नव्हता. तिकोन्याच्या वाटेवर तीसेक फुटांचा एक सोपा कातळ आहे, त्यावर मंडळी हात मोकळे करणार होती. तेवढ्यात बँकवाल्यांच्या मनात आले, की आज पिशव्या राखणाऱ्याला वर घालावे. मी पुष्कळ सबबी सांगितल्या. वजन सांगितले, वय सांगितले, पिठल्याची काळजी सांगितली. ऐकतो कोण!

मला पट्टा बांधला, दोर बांधला. मास्तर पुढे होणार तोच धाकटा आला, माझ्या कमरेची गाठ त्याने बोटाने चाचपली, पुन्हा एकदा चाचपली आणि मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी मान हलवली. या खेपेला कोणी हसले नाही.

पंधरा फुटांवर माझे पाय शिलाई यंत्रासारखे थरथरू लागले. हाताला खोबण सापडेना, खाली पाहवेना. मी ओरडलो, "मास्तर, आहात ना?"

"आहे," खालून आवाज आला, "दोर माझ्या हातात आहे. सावकाश घ्या."

तेव्हा मला तेनसिंग आठवला. १९५३ च्या एप्रिलमध्ये, एव्हरेस्टवर जाण्याच्या महिनाभर आधी, खुंबूच्या बर्फात हिलरी एका भेगेत कोसळला होता. तेनसिंगने कुऱ्हाड बर्फात रोवून दोर आवळला आणि त्याला धरले. मे महिन्यातले शिखरावरचे छायाचित्र जगाने पाहिले. एप्रिलमधल्या त्या आवळलेल्या दोराचे छायाचित्र कोणी काढले नाही. लोणावळ्याची 'शिवदुर्ग मित्र' ही मंडळी अपरात्री दरीत उतरून अडकलेल्यांना वर आणतात, त्यांचेही काम त्याच जातीचे. वरच्याचे नाव होते, खालचा दोर धरून असतो.

मी वर पोहोचलो. कसा, ते विचारू नका. त्यात कला नव्हती. माथ्यावर बसलो तेव्हा समोर तुंगचा शंकू उन्हात आला होता आणि खाली जलाशय पसरला होता, वाघेश्वराला पोटात घेऊन. पाणी अगदी शांत दिसत होते. पण आता बाबांचे बोलणे ऐकल्यावर तो शब्द जिभेवर येईना.

उतरताना मी दोराचे टोक मागून घेतले आणि गाठ आहे की नाही ते स्वतः पाहिले. होती. खाली आल्यावर डॉक्टरांनी चिक्की पुढे केली. मी ती डाव्या हाताने घेतली.