गुळाचा खडा

मिरजेच्या स्टेशनवर टांग्यांची रांग लागायची, त्या काळातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या टांगेवाल्या चाचांचा घोडा संध्याकाळी दारावरून घरी जायचा आणि आजी त्याच्यासाठी गुळाचा खडा काढून ठेवायची. तो कसा द्यायचा, हे चाचांनीच शिकवलेलं. तळहात सपाट, अंगठा चिकटवलेला. घोड्याला स्वतःच्या नाकाखालचं दिसत नाही, खडा तो ओठांनी चाचपून घेतो. ओठांवरचे राठ केस तळव्याला टोचायचे, ऊन श्वास मनगटापर्यंत यायचा आणि खडा कधी गेला ते कळायचंही नाही.

गूळ लाडाचा. शिकवायला चाचांकडे लगाम होता. नवा घोडा आणला की त्याला मागे सरायला शिकवताना ते लगाम हलका ताणून धरायचे आणि त्यानं एक पाऊल मागे टाकलं रे टाकलं, की सैल सोडायचे. घोडा शिकायचा तो सैल सुटण्यातून. जगभर बहुतेक घोडे असेच तयार झाले. नकोसा ताण हटणं, एवढीच त्यांची कमाई.

गुळानंही शिकवता येतं, हे कॅरेन प्रायर यांच्या ‘डोन्ट शूट द डॉग’ या १९८४ च्या पुस्तकात पहिल्यांदा नीट उमगलं. १९६३ पासून त्या हवाईच्या सी लाइफ पार्कमध्ये डॉल्फिनना शिकवत होत्या. डॉल्फिनला लगाम घालता येत नाही आणि धाक दाखवला तर तो सरळ लांब निघून जातो. राहता राहिली मासळी. पण उडी हवेत असताना ती तोंडात पोचणार कशी? म्हणून शिट्टी. उडी हवी तितकी उंच गेली की त्याच क्षणी शिट्टी वाजते, मासळी मागाहून येते. घोड्या-कुत्र्यांच्या तालमीत हेच काम बोटाखाली ‘टक्’ वाजणारा क्लिकर करतो.

सगळी मेख या ‘मागाहून’मध्ये आहे. खडा आधी दाखवला तर जनावर खड्यामागे येतं आणि हात रिकामा दिसला की पाठ फिरवतं. खिसे हुंगायची सवय लागलेला घोडा तर पुढे चावायलाही लागतो. म्हणून अशा तालमीत पहिला धडाच असा: घोड्यानं तोंड माणसापासून दुसरीकडे वळवलं की टक्, मग घास. तोही शक्यतो गुळाचा नाही, कारण जास्त गोड काही घोड्यांच्या खुरांना बाधतं. गाजराचा तुकडा बरा. नाहीतर आयाळ संपते तिथे खाजवावं. तिथे खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे फ्रान्समधल्या कामार्गच्या घोड्यांवर मोजून १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. खरारा करताना चाचांचा हात नेमका तिथेच रेंगाळायचा.

घासानं सगळंच साधतं, असंही नाही. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या हाताखाली तयार झालेल्या केलर आणि मॅरियन ब्रेलंड या दांपत्यानं रॅकूनला डब्यात नाणं टाकायला शिकवलं. एक नाणं तो कसंबसं टाकायचा. दोन दिली की घास मिळत नसला तरी ती एकमेकांवर चोळत बसायचा, कारण भक्ष्य चोळून घेणं त्याच्या जातीतच आहे. ही फजिती त्यांनी १९६१ मध्ये मोकळेपणानं छापली.

सध्या घरात कुत्री आहे. नखं काढायच्या वेळी ती स्टुलावर हनुवटी टेकवते. टेकलेली आहे तोवर नेलकटर चालतं, उचलली की थांबतं. थांबवणं तिच्या हातात आहे म्हणूनच बहुधा ती टिकते. प्राणिसंग्रहालयांत वाघ जाळीबाहेर शेपटी देऊन रक्त काढू देतात, तेही याच वाटेनं.

तरी खाऊचा डबा माझ्याच ताब्यात असतो. भूक तिची आणि झाकण माझ्या हाती, हीही सत्ताच. या सत्तेला नुसती माया म्हणणं सोयीचं आहे इतकंच. शिकवणारा गूळ वापरतो की लगाम, यावरून मी त्याला आता लगेच पारखत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत ताशावर पाय उचलणाऱ्या घोड्याभोवती गर्दी जमते, टाळ्या पडतात. मला बघायचं असतं ते वेगळंच: घोड्यानं मध्येच पाय उचलायचे थांबवले, तर दोरी धरणारा माणूस काय करतो?