पडद्याचें सोवळें

संगणकाचा प्रोग्रॅम मध्येंच गोठतो, खिडकी पांढरी पडते, बटण कितीहि दाबलें तरी दाद देत नाहीं, हा अनुभव बहुतेक वाचकांस असेल. यंत्रच बिघडलें असें आपण समजतों. पण पुष्कळदां यंत्र शाबूत असून प्रोग्रॅमांतील मुख्य थ्रेड तेवढा अडलेला असतो.

थ्रेड म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या हुकुमांची माळ. एका प्रोग्रॅमांत अशा अनेक माळा एकदम चालूं शकतात. परंतु जावाचें स्विंग घ्या, मायक्रोसॉफ्टचें विंडोज फॉर्म्स घ्या कीं अ‍ॅपलचें अ‍ॅपकिट घ्या, दंडक एकच: पडद्यावरील वस्तूंस एकाच थ्रेडानें हात लावावा. आमच्या आजीच्या सोवळ्यांतील स्वयंपाकासारखेंच हें. निवडणें-चिरणें कोणीहि करावें, पण तें उंबऱ्याशीं ठेवावें, चूल तिची. आजीच्या सोवळ्याचें कारण आम्हांस कधीं पटलें नाहीं, ह्याचें पटतें. कळ दाबल्याची वर्दी ऑपरेटिंग सिस्टिमकडून वर प्रोग्रॅमकडे येते, चित्र काढण्याचा हुकूम वरून खालीं जातो. दोन थ्रेड विरुद्ध दिशांनीं कुलुपें लावीत निघाले, कीं मध्यावर दोघेहि कायमचे अडतात. सन कंपनीचे ग्रॅहॅम हॅमिल्टन यांनीं २००४ सालीं ही अडचण सविस्तर मांडली होती.

म्हणून जड काम दुसऱ्या थ्रेडानें करावें आणि दाखविण्यापुरता निरोप मुख्याकडे धाडावा. त्याच्या रीती दोन. स्विंगमधील 'इन्व्होकलेटर' निरोप रांगेंत ठेवून आपल्या वाटेस लागतो. 'इन्व्होकअँडवेट' काम होईपर्यंत दारांत उभा राहतो. घोटाळा बहुधा ह्या दुसऱ्या रीतीनें होतो.

आमच्या महाविद्यालयांतील गुणपत्रकांचा प्रोग्रॅम निकालाच्या दिवशींच असा गोठला. एका माजी विद्यार्थ्यानें तो उघडून पाहिला. मुख्य थ्रेड बेरजा करणाऱ्याची वाट पाहत थांबलेला, आणि बेरजा करणारा 'निम्मे झाले' एवढेंच पडद्यावर लिहवून घेण्यासाठीं मुख्याची! बाहेर शंभरावर मुलें खोळंबलेलीं.

आम्हीं विचारलें, "अरे, मग ही थांबण्याची रीत ठेवलीच कशाला?"

"सर, जुन्या फायलीवर नवी लिहूं का, असें विचारायचें असेल, तर उत्तर येईपर्यंत थांबावेंच लागतें."

तें खरेंच. टक्केवारी कळविण्यास मात्र कोणीं दारांत तिष्ठूं नये. त्यानें ते निरोप रांगेंत टाकले आणि मुख्य थ्रेडाचें वाट पाहणेंहि काढून टाकलें. बेरजा चालू असतांना आम्हीं मुद्दाम 'थांबवा' हें बटण दाबून पाहिलें. प्रोग्रॅम निमूटपणें थांबला. पुन्हां चालू केला, आणि रात्रीं साडेआठास निकाल फलकावर लागला.