गंज, रंग आणि घसारा

माझा धाकटा भाऊ कुर्ल्याच्या एका गॅरेजमध्ये मोटारींचे रंगकाम करतो. मी कचेरीत कारकून आहे. मी बी.कॉम. होऊन खतावणीला बसलो; तो नववीतून शाळा सोडून गॅरेजला गेला. आमचे अण्णा टॅक्सी चालवीत. याच कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना होता. तेथली फियाट १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. अण्णांनी जन्मभर तीच चालवली आणि आमचे घर तिच्यावर चालले. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

आता याच जुन्या गाड्या हौसेने दुरुस्त करून घेतात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली खाजगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मात्र तिचा मूळ ढाचा बदललेला चालत नाही. म्हणजे जुना पत्रा फेकायचा नाही, वाचवायचा.

मागच्या उन्हाळ्यात एका गृहस्थांची जुनी फियाट भावाकडे आली. रविवारी मी त्याचा डबा घेऊन गेलो होतो. बाहेरून गाडी बरी दिसत होती. त्याने दाराच्या तळाशी अंगठा दाबला, तो सरळ आत गेला.

“दादा, गंज आतून खातो,” तो म्हणाला. “दाराच्या तळाला पाणी जायला भोके असतात. ती मातीने बुजली की पाणी साचते. पायाखालच्या मॅटखाली, बॅटरीच्या खाली, डिकीत, सगळीकडे हेच.”

लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज धरतो. समुद्राची खारी हवा त्याला घाई करते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचा रंग फुगतो आणि फुटतो.

मालकांना रॅलीची घाई होती. “वरून पुट्टी भर आणि रंग मार,” ते म्हणाले. भाऊ म्हणाला, “साहेब, पुट्टी पाणी पिते. गंजावर मारलेला रंग पावसाळ्यात सोडून येईल.” नववी शिकलेला माझा भाऊ त्या दिवशी मला मोठा वाटला.

त्याने काम कसे केले ते सांगतो. जुना रंग आणि सुटा गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने काढला. सडलेला पत्रा कापून नवा जोडला. बारीक छिद्रांत उरलेल्या गंजाला फॉस्फोरिक आम्ल लावले. त्याने गंजाचे फॉस्फेट होते आणि ते पत्र्याला धरून बसते. मग पत्रा धुऊन लगेच कोरडा केला, कारण उघडा पत्रा रात्रभर राहिला तरी लाल पडतो. त्यावर दोन डब्यांचे मिश्रण करून मारायचा इपॉक्सी प्रायमर दिला. जोडाच्या जागी जस्ताचा प्रायमर. जस्त आपण झिजते आणि लोखंडाला वाचवते. शेवटी गाडीच्या पोटाला डांबरी लेप आणि दारांच्या पोकळीत मेणाचा फवारा. लेपाखाली ओल राहिली तर तोच लेप ओल कोंडून ठेवतो, हेही त्याने सांगितले.

हे सगळे करताना त्याच्या तोंडाला फक्त रुमाल होता.

फळीवर एक जुना डबा होता: रेड ऑक्साईड झिंक क्रोमेट प्रायमर. रेड ऑक्साईड म्हणजे गेरूसारखी साधी वस्तू असे आम्ही समजत होतो. पण त्यातला क्रोमेट गंज रोखतो आणि माणसाला मारतो. या जातीच्या क्रोमियमने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्येच जाहीर केले आहे. पूर्वी लोखंडी पुलांना आणि जहाजांना गंजू नये म्हणून शेंदूर तेलात कालवून लावत. शेंदूर म्हणजे शिसेच. जुन्या पिवळ्या-लाल रंगांतही शिसे असू शकते. अण्णांच्या टॅक्सीचे टप पिवळेच होते! घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता.

भावाच्या पोटात महिनोन्‌महिने दुखायचे. “वडापाव बाधला,” म्हणायचा. मी त्याला ओढून दवाखान्यात नेले. रक्तात शिसे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी विचारले, “घरी लहान मूल आहे का?” माझी पुतणी तेव्हा चार वर्षांची. बाप दारात आला की त्याच्या धुळीने भरलेल्या कपड्यांनाच बिलगायची. शिसे मुलांच्या मेंदूला अधिक बाधते. तिचीही तपासणी केली. सुदैवाने तिचे प्रमाण थोडे होते, पण ‘इतके शिसे चालेल’ अशी सुरक्षित पातळीच नाही, असे डॉक्टर म्हणाले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दरवर्षी ३१ मार्चला मी कचेरीच्या टेबल-खुर्च्यांचा आणि पंख्यांचा घसारा लिहितो. वस्तू झिजते म्हणून तिच्या नावे रक्कम टाकतो. वस्तीत मी लोकांचे अर्ज लिहितो, मोर्चाला जातो. पण सख्ख्या भावाच्या झिजेची नोंद मी कोठल्याच वहीत केली नव्हती. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानेच शिशाच्या विषबाधेला कामातून होणारा रोग मानले होते. मी तो कायदा दुसऱ्यांना समजावून सांगत होतो!

गॅरेजमालकाशी बोलायला आम्ही पाच-सहा जण गेलो. आधी तो हसला, मग कागद पाहून गप्प झाला. आता धूळ आणि वाफ अडवणारे मास्क आले आहेत. जुना रंग पाणी लावून घासतात, म्हणजे धूळ उडत नाही. भाऊ कपडे तेथेच बदलतो, हात धुतल्याशिवाय डबा उघडत नाही. घरी येताच आधी मोरीत जातो. पुतणी दाराशी उभी राहून विचारते, “पप्पा, झाली का आंघोळ?”

माता-भगिनींनो, तुमच्या घरातला माणूस रंगाचे, वेल्डिंगचे, घासकामाचे काम करीत असेल तर त्याला पगार विचारता तसे एकदा विचारा, डब्यावर काय लिहिले आहे? त्याचे कपडे वेगळे धुवा.

फियाट तयार झाली. मालकांनी टपावरून हात फिरवला आणि विचारले, “किती वर्षे टिकेल?”

“सांभाळलीत तर खूप,” भाऊ म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. माझाही प्रश्न तोच होता.