तीन वाघ, पंधरा शेळ्या

गेल्या दिवाळीत आमचा धाकटा पुतण्या अणदूरास आला, तो परदेशी खेळाची एक जुनी पेटी घेऊन. ‘द ऑफुल ग्रीन थिंग्ज फ्रॉम आउटर स्पेस’ हे त्या खेळाचे लांबलचक नाव. टॉम व्हॅम नामक अमेरिकन गृहस्थांनी रचिलेला हा दोघांचा खेळ 1979 साली ‘ड्रॅगन’ मासिकातून प्रथम प्रसिद्ध झाला. अंतराळयानात हिरवे विचित्र प्राणी शिरतात. एक खेळाडू त्यांचा, दुसरा यानावरील मंडळींचा. कोणते हत्यार कसे चालेल, हे वापरल्यावाचून कळत नाही. एखाद्याने ते प्राणी मरण्याऐवजी वाढतातही! परंतु पेटीतील निम्म्या सोंगट्या हरवलेल्या, आणि ती आवृत्ती तर केव्हाच संपलेली.

“काका, हा खेळ मेला,” पुतण्या खिन्नपणे म्हणाला.

मला आत्याची आठवण झाली. आमच्या ढाळजेतील एका फरशीवर वाघ-शेळीचा पट कोरलेला होता. तीन वाघ, पंधरा शेळ्या. शेळ्या एकेक करून मांडावयाच्या. सर्व मांडून होईतो त्यांनी जागचे हलावयाचे नाही. वाघाने शेळीवरून पलीकडच्या रिकाम्या घरात उडी घेतली की ती गेली. वाघांस हलावयास जागा उरली नाही, तर शेळ्या जिंकल्या. तमिळ मुलखात यासच ‘आडू पुली आट्टम्’ म्हणतात. नेपाळच्या ‘बाघचाल’मध्ये वाघ चार व शेळ्या वीस असतात.

आत्या नेहमी शेळ्या घेई. “पाठीशी दुसरी असली की वाघ उडी घेत नाही,” एवढेच ती सांगे. बालपणी वैधव्य येऊन आमच्याच घरी जन्म काढलेल्या त्या बाईच्या तोंडी हे वाक्य काय अर्थाने येत असेल, हे मला फार उशिरा उमगले.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमची एक भिंत फाटली. पुढील कित्येक रात्री आम्ही अंगणातच काढल्या. मुले भेदरलेली, तेव्हा आत्याने कोळशाने फरशीच्या तुकड्यावर पट आखला, चिंचोके मांडले, आणि कंदिलाच्या उजेडात मुले आपली भीती विसरली. पुढे घर दुरुस्त करताना ढाळजेतील ती कोरीव फरशी माझ्याच संमतीने ढिगाऱ्यात गेली. आत्या काही बोलली नाही. दोन वर्षांनी तीही गेली.

आता पुतण्यासाठी खडू घेऊन बसलो, तो हात अडला! शिखर आठवले; चौकट कोठपर्यंत, ते आठवेना. अखेर देवळामागील गल्लीतील एका वृद्ध काकूंकडे गेलो. त्यांनी थरथरत्या हाताने शिखरापासून चार रेघा खाली ओढल्या, त्यांवरून तीन आडव्या रेघांची चौकट घातली, पायथ्याशी चौथी रेघ दिली; घरे तेवीस भरली. मग शेळ्या स्वतःकडे घेऊन त्यांनी आम्हां काका-पुतण्यांस पाठोपाठ हरविले.

सोंगट्या हरवल्या तर चिंचोके चालतात. पट पुसला तर पुन्हा आखता येतो. मात्र आखणारा हात गेला, की विचारावयास कोणी उरत नाही. वाचकहो, आपल्या घरी असा हात असेल, तर आज सायंकाळीच त्याच्यापुढे खडू ठेवा. आमच्या पुतण्याने तो पट वहीत उतरून घेतला आहे. मी ते काम तीस वर्षे उशिरा केले.